मोठा ट्रॅव्हल ट्रेलर ओढायला आणि उभा करायला शिकताना

अमेरिकेतली बरीच मराठी कुटुंबं पहिली काही वर्षं मोटेलमध्ये राहून नॅशनल पार्क बघतात. मग मुलं मोठी होतात, सुट्टीत भारतातून आई-बाबा येतात, तिसऱ्या दिवशी बाहेरचं खाऊन सगळे कंटाळतात आणि कुणीतरी म्हणतं, आपण एक ट्रेलर घेऊ या का? स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं बाथरूम, आजी-आजोबांना झोपायला नीट पलंग. हा लेख हा प्रश्न घरात निघालेल्यांसाठी आहे.

माझं एक ठाम मत आधीच सांगते. ट्रेलर सुखरूप नेणं हे चालवणाऱ्याच्या हातातल्या सफाईपेक्षा गाडी उभी असताना केलेल्या कामांवर जास्त अवलंबून असतं. वजन, हिच (म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणारा सांधा), टायर, वाटेची निवड, जागेची पाहणी हे सगळं गाडी थांबलेली असताना करायचं असतं. ते नीट झालं असेल तर बेताची सफाई असलेला माणूसही तीस फुटी ट्रेलर व्यवस्थित नेतो. ते चुकलं असेल तर वीस वर्षं गाडी चालवलेल्याचेही हात रस्त्यावर कमी पडतात.

इथे मी फक्त ट्रॅव्हल ट्रेलरबद्दल लिहिते आहे, म्हणजे पिकअप किंवा मोठ्या एसयूव्हीच्या मागच्या हिचला जोडला जातो तो. पिकअपच्या हौद्यात जोडतात तो फिफ्थ व्हील आणि स्वतःचं इंजिन असलेलं मोटरहोम, यांचं तंत्र बरंच वेगळं आहे.

आधी दारावरचा पिवळा स्टिकर

डीलरकडे गेलात की पहिला आकडा कानावर पडतो तो टोइंग कपॅसिटीचा. ही गाडी ९,००० पौंड ओढते, ती ११,००० ओढते. या आकड्यावर विसंबून ट्रेलर निवडू नका. गाडीची मर्यादा बहुतेक वेळा तिथे संपत नाही, त्याच्या खूप अलीकडे संपते.

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेच्या माहितीबरोबर एक पांढरा-पिवळा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हाच तुमचा पेलोड. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत तो वेगळा असू शकतो, कारण सनरूफ, मोठ्या सीट, फोर-व्हील ड्राइव्ह अशी प्रत्येक चैन त्यातूनच वजा होते. म्हणून माहितीपुस्तिकेतला आकडा धरू नका, समोर उभ्या असलेल्या गाडीच्या दारावरचा धरा.

आता हिशोब करू. समजा स्टिकरवर १,५०० पौंड आहेत. घरातली चार माणसं मिळून ६०० पौंड. मागच्या हौद्यात सायकली, कूलर, खुर्च्या मिळून १५०. हिचचं लोखंड १००. उरले ६५०. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हिचवर जो भार टाकतो त्याला टंग वेट म्हणतात आणि तो भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. १३ टक्के धरले तर ६५० पौंडांत बसणारा ट्रेलर ५,००० पौंडांचा. तोही भरलेला. म्हणजे कागदावर ९,००० पौंड ओढणारी गाडी तुमच्या कुटुंबासकट प्रत्यक्षात ५,००० पौंडांवर थांबते.

ट्रेलरच्या जाहिरातीतलं ड्राय वेटही असंच फसवं. त्यात पाणी नाही, सामान नाही, अनेकदा बॅटरी आणि गॅसही धरलेला नसतो. एक गॅलन पाणी सव्वाआठ पौंडांहून थोडं जास्त भरतं, तेव्हा ४० गॅलनची टाकी भरून निघालात तर सव्वातीनशे पौंडांहून अधिक वजन नुसत्या पाण्याचं. ट्रेलर निवडताना त्याच्या बाहेरच्या पाटीवरचं कमाल वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, डोळ्यांसमोर ठेवा आणि तेवढा तो भरेलच असं समजून हिशोब करा. आपल्या लोकांचा स्वयंपाकघरातला पसारा पाहता तो भरतोच.

मराठी घरांत ओडिसी आणि सिएना भरपूर. या मिनीव्हॅनची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंडांची आहे. छोटा, घडी उघडून उभा करायचा पॉप-अप किंवा अश्रूच्या आकाराचा टीअरड्रॉप त्यांच्यामागे चालेल. सहा माणसं झोपतील असा मोठा ट्रेलर नाही. भाड्याच्या गाडीमागे ट्रेलर जोडायलाही बहुतेक भाडे कंपन्यांची मनाई असते.

लायसन्सचंही आधी बघून घ्या. बहुतेक राज्यांत साध्या लायसन्सवर बऱ्यापैकी मोठा ट्रेलर ओढता येतो, पण कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांपेक्षा जास्त जीव्हीडब्ल्यूआर असलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी वेगळं, नॉन-कमर्शियल क्लास ए लायसन्स लागतं.

सामान कुठे ठेवायचं

बैलगाडी भरताना ती उलाळ होऊ नये आणि धुरजडही होऊ नये, हे गावाकडे बघतात. ट्रेलरचं गणित हेच आहे. माल मागे जास्त गेला तर दांडा हलका होतो आणि ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवायला लागतो. फार पुढे गेला तर गाडीचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही कमजोर पडतात. ढोबळ नियम असा की सामानाचं साधारण ६० टक्के वजन ट्रेलरच्या चाकांच्या पुढे आणि ४० टक्के मागे. जड वस्तू खाली, चाकांच्या जवळ, किंचित पुढे. तांदळाची पिशवी, कणकेचा डबा, इडलीपात्र, कुकर, मिक्सर हे सगळं वरच्या कपाटात न ठेवता खालच्या कप्प्यात. मागच्या बम्परवर सायकलींचा स्टँड लावायचा मोह होतो. ट्रेलरच्या सगळ्यात मागच्या टोकाला टांगलेलं थोडंसं वजनही डोलण्याला मोठा हातभार लावतं, शिवाय बरेच बम्पर तेवढ्या भारासाठी बनवलेलेच नसतात.

भरून झालं की अंदाजावर थांबू नका, वजन करा. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. ते ट्रकवाल्यांसाठी असले तरी आपल्यालाही खुले आहेत आणि खर्च किरकोळ. पुढची चाकं पहिल्या फळीवर, मागची दुसऱ्या आणि ट्रेलरची तिसऱ्या फळीवर येतील अशी गाडी उभी करायची, बटण दाबून खाजगी वाहन आहे असं सांगायचं आणि आत जाऊन पावती घ्यायची. मग ट्रेलर बाजूला सोडून नुसत्या गाडीचं पुन्हा वजन करायचं. दोन्ही पावत्यांमधल्या एकूण वजनांतला फरक म्हणजे ट्रेलरचं खरं वजन. गाडीच्या दोन धुरांवर जेवढा भार वाढला तो टंग वेट. मात्र त्यासाठी पहिल्या वजनाच्या वेळी हिचचे भार वाटणारे, म्हणजे वेट डिस्ट्रिब्युशनचे दांडे (त्यांच्याबद्दल पुढे येतंच) सैल ठेवावे लागतात. पहिल्या मोठ्या सहलीआधीची ही एक सकाळ वाया जाणार नाही.

हिच जोडताना

पाच हजार पौंडांच्या आसपासच्या किंवा त्यावरच्या ट्रेलरला वेट डिस्ट्रिब्युशन हिच घ्या, आणि डोलणं आवरणारी यंत्रणा असलेलीच घ्या. या हिचचे दोन स्प्रिंगसारखे दांडे ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावरचा थोडा भार गाडीच्या पुढच्या चाकांकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडे ढकलतात. ती नीट बसवली आहे की नाही हे साध्या मोजपट्टीने कळतं. ट्रेलर जोडण्याआधी पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजा. जोडल्यावर ती वाढेल. दांडे ताणल्यावर ती पुन्हा खाली यायला हवी. किती, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. हे दांडे गाडीचा पेलोड वाढवत नाहीत, हे विक्रेता काहीही म्हणाला तरी लक्षात ठेवा.

गाडीच्या हिचवरचा लोखंडी गोळा म्हणजे बॉल, आणि त्यावर बसणारं ट्रेलरच्या दांड्याचं पोकळ टोक म्हणजे कपलर. बॉलचा आकार कपलरशी तंतोतंत जुळला पाहिजे. मोठ्या ट्रॅव्हल ट्रेलरना सहसा २ ५/१६ इंचाचा बॉल लागतो, लहानांना २ इंचाचा. मोठ्या कपलरखाली लहान बॉल बसल्यासारखा दिसतो, आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्याला निसटतो. त्यामुळे एक सवय लावून घ्या. कपलर बॉलवर बसला, खटका बंद केला, पिन घातली, की ट्रेलरचा पुढचा जॅक पुन्हा थोडा खाली सोडून दांडा वर उचलायला लागा. दांड्याबरोबर गाडीचं मागचं अंगही इंच-दोन इंच उचललं जायला हवं. उचललं गेलं तर पकड पक्की आहे. दांडा एकटाच वर आला तर कपलर बॉलवर नुसता टेकलेला आहे. मिनिटभराचं काम आहे, आणि सगळी सुरक्षितता त्यावर उभी आहे.

मग सेफ्टी चेन. दोन्ही साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेदून लावायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतो. वळताना ताणल्या जाणार नाहीत इतक्या सैल, पण जमिनीला घासणार नाहीत इतक्या आखूड. ब्रेकअवे स्विचची बारीक तार वेगळी असते. ट्रेलर गाडीपासून तुटला तर ती ओढली जाऊन ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक त्याच्या बॅटरीवर लागतात. ती साखळीला किंवा बॉलच्या दांड्याला अडकवू नका, गाडीच्याच पक्क्या भागाला अडकवा. नाहीतर हिच निघाली की तारही तिच्याबरोबर जाते आणि ब्रेक लागतच नाहीत.

सात पिनांची वायर जोडा आणि घरातल्या एकाला मागे उभं करून ब्रेक लाइट, दोन्ही इंडिकेटर, टेल लाइट तपासा. शेवटी ब्रेक कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक चालवणारं गाडीतलं उपकरण. रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये ताशी २० ते २५ मैलांनी जाताना पायाचा ब्रेक न दाबता कंट्रोलरची हातची पट्टी दाबा. ट्रेलरने गाडीला मागून ठामपणे रोखल्यासारखं जाणवलं पाहिजे, पण ट्रेलरची चाकं जाम होऊन घसटता कामा नयेत. त्या दोन टोकांच्या मधे कंट्रोलरचा आकडा ठेवा. पाऊस आला, भार बदलला की पुन्हा तपासा. ही पट्टी नेमकी कुठे आहे ते न बघता सापडलं पाहिजे. पुढे तिचं काम आहे.

टायरबद्दल थोडक्यात. ट्रेलरचे टायर वेगळे असतात, त्यांवर एसटी (स्पेशल ट्रेलर) लिहिलेलं असतं, आणि वेगळं काही नमूद नसेल तर अनेकांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल धरली जाते. हवा सकाळी, टायर थंड असताना भरायची. नक्षी शाबूत दिसली तरी वयाने टायर आतून कमकुवत होतात, म्हणून बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांवर गेलेले टायर, विशेषतः जुना ट्रेलर घेताना, बदलूनच टाका. चाक बसवल्यावर नट पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांवर टॉर्क रेंचने पुन्हा आवळायचे.

रस्त्यावर

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, पाटीवर कारसाठी ६५ किंवा ७० असले तरी. इतर राज्यांत सूट असली तरी माझ्या मते नवख्याने ६०च्या वर जाऊच नये. त्याच्या पुढे वारा, टायर आणि ट्रेलरचं डोलणं हे तिन्ही एकदम कठीण होतात.

पुढच्या गाडीशी अंतर सेकंदांत मोजा. ट्रकवाल्यांना शिकवला जाणारा हिशोब असा: एकूण लांबीच्या दर दहा फुटांना एक सेकंद, आणि ताशी ४० मैलांच्या वर आणखी एक. गाडी आणि ट्रेलर मिळून ५० फूट असतील तर सहा सेकंद. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला सुरुवात करा. सहा सेकंद मोजून बघितलेत तर कळेल की एरवी आपण किती चिकटून चालतो. मधल्या जागेत कुणीतरी घुसेलच. पाय सैल करून पुन्हा अंतर वाढू द्या.

वळताना ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतल्या बाजूने काप घेतात. इथे उजवीकडचं वळण आखूड असतं, त्यामुळे चौकात नेहमीपेक्षा बरंच पुढे जाऊन मग उजवीकडे वळायचं आणि सगळा वेळ उजव्या आरशात ट्रेलरच्या चाकांवर नजर ठेवायची. भारतात उजव्या हाताची गाडी चालवून आलेल्यांना ही आतली बाजू दूरची वाटते, म्हणून मुद्दाम सांगते. उलट आखूड वळणात ट्रेलरचं चाकांमागचं लांब टोक बाहेरच्या बाजूला झुलतं. पेट्रोल पंपावर बसणारे बहुतेक धक्के याच टोकाचे. पंपावर शिरण्याआधी बाहेर कसं पडणार ते ठरवा, आणि जमेल तिथे ट्रक स्टॉपच्या आरव्ही (ट्रेलर, मोटरहोम अशी वाहनं) लेनमध्ये जा.

आता डोलणं, म्हणजे स्वे. बाजूने मोठा ट्रक जातो, तो आधी तुम्हाला ढकलतो आणि मग ओढतो. किंवा उतारावर वेग वाढतो, आणि ट्रेलर डावी-उजवी हेलकावे खायला लागतो. अशा वेळी पायाने ब्रेक दाबावासा वाटतो, कुणाला वेग वाढवून ट्रेलर सरळ करावासा वाटतो. दोन्ही करू नका. अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, उलटसुलट फिरवू नका, आणि कंट्रोलरची ती हातची पट्टी दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलर मागून गाडीला ताणतो आणि सरळ होतो. मग पहिल्या सुरक्षित जागी थांबा आणि कारण शोधा. सामान मागे सरकलं असेल, टायरची हवा उतरली असेल, किंवा वेगच जास्त असेल. एकदा डोललेला ट्रेलर तसाच पुढे नेणं धोक्याचं आहे.

घाटाबद्दल आपल्याकडचे ट्रकवाले जे सांगतात तेच इथे लागू आहे, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. गाडीतला ओझं ओढण्यासाठीचा टो-हॉल मोड लावा, आणि गिअर उतार सुरू होण्याआधीच खाली आणा. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला आय-५ वरच्या ग्रेपव्हाइनला सुमारे सहा टक्क्यांचा उतार आहे, तर कोलोरॅडोत आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंच आहे आणि तिथून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना उतार सात टक्क्यांपर्यंत जातो. अशा ठिकाणी ब्रेकवर पाय टेकवून ठेवलात तर ब्रेक तापून निकामी होतात. वेग ठरवा, समजा ४०. तिथे पोचलात की ठामपणे ब्रेक दाबून ३५ वर आणा, पाय पूर्ण काढा, पुन्हा ४० होऊ द्या. वेगवान गाड्या मागे ताटकळल्या तर ताटकळू द्या, उजवी लेन तुमचीच आहे. वायोमिंगमध्ये आय-८० वर वारा इतका असतो की हलक्या आणि उंच वाहनांना रस्ता बंद असल्याच्या पाट्या लागतात. ट्रेलर म्हणजे नेमकं तेच वाहन. पाटी दिसली की थांबायचं, वारा पडेपर्यंत.

उंचीकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. छतावरच्या एसीच्या टोकापर्यंत टेपने उंची मोजा, फूट-इंचांत लिहा आणि ड्रायव्हरसमोरच्या सनव्हायझरला चिकटवा. नेहमीच्या नकाशाच्या अॅपला तुमची उंची माहीत नसते, आरव्ही किंवा ट्रकसाठीचं नेव्हिगेशन घ्या. न्यूयॉर्कच्या पार्कवेंवर आणि कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेवर ट्रेलरला बंदी आहे. तिथले पूल ठेंगणे आहेत. नॉर्थ कॅरोलायनात डरॅमचा रेल्वेपूल ११ फूट ८ इंचांचा होता आणि ट्रकांची छतं सोलून काढण्यासाठी देशभर प्रसिद्ध झाला. २०१९मध्ये तो वाढवून १२ फूट ४ इंच केला. बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर बोगद्यांतून ट्रेलरवर असतात तेवढ्या प्रोपेनच्या टाक्या नेता येत नाहीत. पूर्वेकडचा फ्रान्सिस स्कॉट की पूल मार्च २०२४मध्ये जहाजाच्या धडकेने कोसळल्यापासून आय-६९५ने पश्चिमेचा वळसाच घ्यावा लागतो. ग्लेशियर पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर अॅव्हलँच क्रीक ते रायझिंग सन या मधल्या टप्प्यात २१ फुटांहून लांब वाहनाला प्रवेश नाही, आणि ती लांबी गाडी-ट्रेलर मिळून धरतात. ट्रेलर कॅम्पग्राउंडवर सोडून जा. पार्कची वेबसाइट घरून निघण्याआधी वाचली तर हे सगळं आधीच कळतं.

आणि चालू प्रवासात ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही. बहुतेक राज्यांत ते बेकायदा आहे. आजोबांना आडवं व्हायचं असेल तर रेस्ट एरियात थांबा, तासभर झोपू द्या, मग निघा.

ट्रेलर मागे घेणं

सगळ्यांना भीती याचीच वाटते. खरं तर यात वेग जवळजवळ शून्य असतो, म्हणजे विचार करायला हवा तेवढा वेळ आहे. सुट्टीच्या दिवशी एखाद्या ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये परवानगी घेऊन जा, चार प्लॅस्टिकचे कोन ठेवा आणि तिथेच शिका. पहिला धडा कॅम्पग्राउंडवर, संध्याकाळी, शेजारी खुर्च्या टाकून बसलेले असताना नको.

आरसे नीट लावा. ट्रेलर गाडीपेक्षा रुंद असेल तर लांब टोइंग मिरर लागतील. आता हात स्टिअरिंगच्या अगदी खालच्या बाजूला, घड्याळातल्या सहाच्या जागी धरा. हात डावीकडे नेला की ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे जातं, उजवीकडे नेला की उजवीकडे. वरून धरून उलटा विचार करत बसायची गरज उरत नाही.

ब्रेकवरून पाय हळू सैल करा, अॅक्सिलरेटरला हात... म्हणजे पायही लावू नका. हात थोडा डावीकडे न्या आणि थांबा. ट्रेलरला वळायला क्षण-दोन क्षण लागतात, लांब ट्रेलरला जास्त. नवखा माणूस इथेच गडबडतो: काही होत नाही असं वाटून आणखी फिरवतो आणि मग सगळं एकदम होतं. ट्रेलर हवा तेवढा वळला की हात उलट दिशेला न्या. यामुळे गाडी ट्रेलरच्या मागोमाग वळते आणि कोन आणखी वाढत नाही. कोन फार झाला, म्हणजे ट्रेलरचा कोपरा गाडीच्या बम्परकडे यायला लागला, तर त्याला जॅकनाइफ म्हणतात. थांबा, सरळ पुढे घ्या, ट्रेलर आपोआप रांगेत येतो, पुन्हा सुरू करा. पुढे घेण्यात काहीच कमीपणा नाही. रोज ट्रेलर चालवणारेही घेतात.

कॅम्पसाइट आरक्षित करताना सुरुवातीला पुल-थ्रू मागा, म्हणजे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येतं. नॅशनल पार्कांमध्ये पुल-थ्रू कमी आणि जुन्या कॅम्पग्राउंडच्या जागा आखूड. रिक्रिएशन डॉट गव्हवर प्रत्येक साइटसमोर कमाल लांबी दिलेली असते, ती गाडीसकट आहे की नुसत्या ट्रेलरची ते नीट वाचा. बॅक-इन, म्हणजे ट्रेलर मागे घेतच शिरावं लागतं अशी जागा, घ्यावीच लागली तर ती ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे डावीकडे येईल अशी बघा. डावीकडे मागे घेताना खिडकीतून डोकं काढून ट्रेलरचं टोक दिसतं; उजवीकडे घेताना एका ठरावीक कोनानंतर काहीच दिसत नाही. रस्ता दुतर्फी असेल तर पुढे जाऊन, फेरी मारून, दुसऱ्या बाजूने यायलाही हरकत नाही.

साइटपाशी आलात की हॅझर्ड लाइट लावा आणि खाली उतरा. दोघंही. विजेचा खांब कुठे आहे, नळ कुठे, सांडपाण्याचं तोंड कुठे, दगडाची चूल, लाकडी बाक, जमिनीतून वर आलेला खुंट. मग मान वर करून फांद्या बघा. खालचं सगळेच बघतात, वरची फांदी एसीला लागेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. बाहेर सरकणारी खोली, म्हणजे स्लाइड-आउट, उघडायला किती जागा लागेल ते पावलांनी मोजा. ट्रेलरचं मागचं डावं चाक जिथे यायला हवं तिथे एक खूण ठेवा, चप्पलसुद्धा चालेल.

साइट डावीकडे असेल तर तिच्या बाजूला चिकटून पुढे जा, गाडी साइटच्या तोंडाशी आली की उजवीकडे झोकात वळा आणि मग डावीकडे थोडं सरळ करून थांबा. यामुळे ट्रेलरचं मागचं टोक आधीच साइटकडे तोंड करून उभं राहतं आणि मागे घेण्याचं निम्मं काम होतं.

मागे उभ्या असलेल्या माणसाशी आधी भाषा ठरवा. आपल्याकडे क्लीनर गाडीवर थाप मारत 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणतो तशी सवय बहुतेकांच्या अंगात असते, आणि 'येऊ द्या'मध्ये किती, कुठे हे काहीच नसतं. 'डावीकडे' म्हणजे कुणाच्या डावीकडे, यावरून नवरा-बायकोत भर कॅम्पग्राउंडवर वाद होतात. म्हणून 'ड्रायव्हरच्या बाजूला' आणि 'पॅसेंजरच्या बाजूला' असंच म्हणायचं. अंतर फुटांत सांगायचं: दहा, पाच, तीन. आणि 'थांब' हा शब्द कुणीही उच्चारला, अगदी सहा वर्षांच्या मुलानेही, तरी ताबडतोब थांबायचं. ओरडण्यापेक्षा फोन स्पीकरवर ठेवा. सिग्नल नसतो तिथे साधे वॉकी-टॉकी. मागे उभा असलेला माणूस ड्रायव्हरच्या आरशात सतत दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला की गाडी थांबली पाहिजे, तो पुन्हा दिसेपर्यंत. मुलं, कुत्रा सगळ्यांना आधी लांब एका जागी बसवा. शंका आली की उतरून स्वतः बघा, पाच वेळा उतरावं लागलं तर पाच वेळा.

उभा केल्यावर

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी आडवी पातळी: ट्रेलर जोडलेला असतानाच कमी उंचीच्या बाजूच्या चाकांखाली ठोकळे किंवा रॅम्प घालून त्यावर चढवा. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून-मागून पाचरी लावा, घट्ट. त्यानंतरच हिच सोडा. पाचरीआधी हिच सुटली तर दोन-तीन टनांचा ट्रेलर उताराकडे निघू शकतो, आणि त्याला हाताने कुणी रोखू शकत नाही. सुटल्यावर पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी जमवा आणि शेवटी कोपऱ्यांतले स्टॅबिलायझर टेकवा. त्यांचं काम ट्रेलर हलू न देणं एवढंच. त्यांनी ट्रेलर उचलायचा प्रयत्न केला तर चौकट वाकते.

वीज जोडताना खांबावरचा ब्रेकर आधी बंद करा. तीन पिनांचा ३० अँपिअरचा आणि चार पिनांचा ५० अँपिअरचा, असे दोन प्रकार दिसतील. मध्ये सर्ज प्रोटेक्टर लावा. नळाला प्रेशर रेग्युलेटर लावल्याशिवाय पाइप जोडू नका, काही कॅम्पग्राउंडवर दाब इतका असतो की आतल्या नळ्या फुटतात.

निघताना हेच उलट्या क्रमाने: स्लाइड-आउट आत, ट्रेलरच्या बाजूची कापडी छत्री (ऑनिंग) गुंडाळलेली, अँटेना खाली, पायऱ्या वर, प्रोपेन बंद, हिच जोडून जॅकने उचलून तपासलेली, आणि पाचरी सगळ्यात शेवटी. पन्नास फूट पुढे जाऊन थांबा, उतरा आणि मागे रिकामी साइट बघून या. सांडपाण्याचा पाइप, एखादी पाचर, मुलांचे बूट तिथेच राहिलेले असतात.

घरी आल्यावर ट्रेलर कुठे

हे खरं तर विकत घेण्याआधी विचारायचं. अनेक हाउसिंग असोसिएशन ड्राइव्हवेमध्ये ट्रेलर ठेवू देत नाहीत, काही फक्त सामान भरण्या-उतरवण्यापुरते एक-दोन दिवस देतात. बऱ्याच शहरांत गाडीपासून सोडलेला ट्रेलर रस्त्यावर उभा करणं बेकायदा आहे. स्टोरेज यार्डचं महिन्याचं भाडं आधी चौकशी करून खर्चात धरा, आणि तिथली जागाही मोजून घ्या. दोन रांगांमधली वाट अरुंद असेल तर दर सहलीच्या सुरुवातीला आणि शेवटी तुम्हाला तिथेच अवघड रिव्हर्स घ्यावा लागेल. उभा करताना पुढचं तोंड किंचित वर ठेवा म्हणजे पावसाचं पाणी छतावर साचत नाही, टायरवर ऊन अडवणारी कव्हरं घाला, बॅटरी सोडवून ठेवा. थंडीत पाणी गोठणाऱ्या भागात राहत असाल तर पहिल्या कडाक्याआधी टाक्या आणि नळ्या रिकाम्या करून त्यांत आरव्हीसाठीचं गुलाबी अँटिफ्रीझ घाला. मोटारीच्या रेडिएटरचं हिरवं कधीही नाही, ते विषारी असतं आणि याच नळ्यांतून उन्हाळ्यात तुम्ही पिण्याचं पाणी घेणार आहात.